पत्र्याखालचा माळा: फोंडा तालुक्यातील एका घराच्या उष्णतेचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्याच्या फोंडा तालुक्यात एका कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, कडेला असलेले हे घर मातीच्या जाड भिंतींचे आहे. पुढचा सोपा आणि देवघर यांवर आजही मंगळुरी कौले आहेत. मागच्या भागाला स्वतंत्र आढे असून त्याचे दुपाखी छप्पर उत्तर-दक्षिण पसरले आहे, म्हणजे एक पाखे पूर्वेला आणि दुसरे पश्चिमेला उतरते. या छपराखाली लाकडी फळ्यांचा माळा आहे आणि फळ्यांवर सुमारे दोन इंच जाडीचा मातीचा थर आहे. अशी माती जुन्या घरांत मुद्दाम घालत. वर कधी आग लागलीच तर ती लगेच खाली उतरत नसे आणि दिवसाचा ताप खोलीपर्यंत पोहोचायला वेळ लागे. माळ्याखाली आजींची निजायची खोली, स्वयंपाकघराचा अर्धा भाग आणि न्हाणीघर येते. न्हाणीघरात पाणी तापवायची चूल अजून पेटते.

या हकिकतीची सुरुवात माकडांपासून होते. कुळागरात पूर्वीही माकडे येत, परंतु अलीकडे त्यांचा मुक्काम छपरावरच असतो, आणि एका टोळीने उड्या मारल्या की दहा-बारा कौले फुटतात. दरवर्षी पावसाआधी कौले परतणारी माणसे गावात उरली नाहीत. जी आहेत त्यांची वाट पाहण्यात मे महिना संपतो. दोन पावसाळे आजींच्या अंथरुणाजवळ बादली ठेवल्यानंतर घरच्या यजमानांनी मागच्या भागावरची सगळी कौले उतरवली आणि विटकरी रंगाचे पत्रे घातले. गळती थांबली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला घर पाहायला बोलावले. इमारतींची देखभाल हा माझा व्यवसाय असला, तरी या घराशी माझे नातेही आहे, त्यामुळे पुढे झालेल्या चुकांतली एक माझ्या खात्यावर जमा आहे.

अडचण नेमकी कोणती होती

यजमानांची तक्रार एका वाक्याची होती: रात्री दहानंतरही आजींच्या खोलीत झोपवत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी चार ठिकाणी तापमान घेतले. दुपारी तीन वाजता अंगणातल्या सावलीत ३४ अंश सेल्सिअस होते, पत्र्याची खालची बाजू ६४ अंशांवर होती, माळ्याच्या मध्यभागी हवा ५१ अंशांवर आणि मातीच्या थराचा पृष्ठभाग ४६ अंशांवर होता. रात्री दहा वाजता बाहेर २९ अंश असताना आजींच्या खोलीत ३३.५ अंश भरले.

खरा पेच या शेवटच्या आकड्यांत होता. सूर्य मावळल्यावर पत्रा तासाभरात निवतो. खोलीला रात्रभर तापवत होती ती माती. दोन इंच जाडीच्या थरात चौरस मीटरमागे सुमारे ८० किलो माती असते आणि ती दहा अंशांनी तापली, तर दर चौरस मीटरला वीज-मीटरच्या भाषेत युनिटाचा पाचवा भाग उष्णता साठवते. सोळा चौरस मीटरच्या खोलीच्या डोक्यावर असे तीन युनिटांहून अधिक जमा होते आणि ते नेमके झोपायच्या वेळी खाली उतरते. कौलांखाली हाच थर उपकारक होता, कारण कौलांच्या सांध्यांतून हवा सतत खेळे आणि माती इतकी तापतच नसे. मंगळूरला १८६५ साली बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने कारखाना काढल्यापासून पश्चिम किनाऱ्यावर पसरलेले हे कौल आपण पाणी अडवणारे म्हणून ओळखतो. ते हवा सोडणारेही आहे, हे पत्रा घातल्यावर कळते.

दुसरी तक्रार आजींची होती आणि ती कोणी अडचण म्हणून मोजलीच नव्हती. कोकमाची साले त्या पूर्वी अंगणात वाळवत. आता अंगणात वाळवण घातले की माकडे येतात आणि राखणीला माणूस बसवावा लागतो. शेवटी त्यांनीच सुनेकरवी दोन सुपे माळ्यावर नेऊन ठेवली होती. "खाली ठेवली तर माकडां खातात, वर ठेवली तर निदान उष्णतेचा काही तरी फायदा," असे त्यांचे म्हणणे. माळ्यावरची उष्णता कामाला लावण्याची कल्पना अशी त्यांची होती. मी ती नंतर कागदावर आणली.

तिसरी गोष्ट वायरमनने दाखवली. माळ्यावरून गेलेल्या जुन्या वायरींचे प्लास्टिक कडक होऊन तडकले होते. घरगुती पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंशांची असते. भोवतालची हवाच ५१ अंशांवर असेल, तर वीजप्रवाहाने होणाऱ्या तापाला फारच थोडी जागा उरते. या बाबतीत पर्याय तपासण्यासारखे काही नव्हते. वायरी त्याच आठवड्यात उतरवून भिंतीवरून खाली घेतल्या.

विचारात घेतलेले पर्याय

यजमानांच्या मुलाचा आग्रह एसी बसवण्याचा होता. तो वेर्ण्याला नोकरीला असतो आणि त्याच्या दृष्टीने हा एका दिवसात सुटणारा प्रश्न होता. एसीने खोली थंड झाली असतीच, परंतु वरचा साठा रोज तसाच भरला असता आणि तो उपसण्याचे बिल रोज रात्री आले असते. शिवाय आजींना बंद खोलीत झोप येत नाही. हा पर्याय आम्ही फेटाळला नाही, मागे ठेवला.

पत्र्याला पांढरा रंग देणे सर्वांत स्वस्त होते. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो यात शंका नाही. मात्र कुळागराच्या सावलीत आणि दमटपणात एका पावसाळ्यात शेवाळ धरते, वर लाल माती बसते, आणि दरवर्षी पत्र्यावर चढून घासायला माणूस मिळणार नाही, म्हणूनच तर कौले गेली होती.

पत्र्यावर रिपा मारून पुन्हा कौले घालणे हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय होता. गोव्यात आता अनेक घरांवर तसे दिसते: पाणी पत्रा अडवतो, ऊन कौल झेलते आणि दोहोंमधून वारा वाहतो. एका कौलाचे वजन अडीच किलोंच्या आसपास असते. पूर्वी वाशांनी ते पेलले होते, त्यामुळे भाराची चिंता नव्हती. चिंता खर्चाची आणि माकडांची होती. उतरवलेल्या कौलांपैकी चांगली निम्मी यजमानांनी विकून टाकली होती, हेही मला तेव्हाच कळले.

पाणी तापवण्याचा पर्याय मुलाने सुचवला आणि त्यावर आम्ही गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. माळ्यावर तांब्याच्या नळीचे वेटोळे आणि शंभर लिटरची टाकी ठेवून न्हाणीघराला ऊन पाणी द्यायचे, म्हणजे चूलही बंद होईल, असा बेत होता. शंभर लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला सव्वा युनिटाहून कमी उष्णता लागते, त्यामुळे हिशेब कागदावर सोपा वाटतो. तथापि हवेतून नळीत उष्णता फार सावकाश शिरते, शंभर किलो पाणी जुन्या फळ्यांवर ठेवणे धोक्याचे होते, आणि मुख्य म्हणजे मे महिन्यात ऊन पाणी कोणाला हवे असते? ते हवे असते जुलैच्या संततधारेत, तेव्हा माळा गार असतो. मागणी आणि पुरवठा यांचे ऋतू जुळत नव्हते. कोकमाचे उलट होते: फळ पिकते एप्रिल-मेमध्ये, जेव्हा माळा सर्वांत जास्त तापतो.

या टप्प्यावर एक आकडेमोड निर्णायक ठरली. या चाळीस चौरस मीटर छपरावर एप्रिलच्या निरभ्र दिवशी चौरस मीटरमागे सहा युनिटांच्या आसपास, म्हणजे एकूण २४० युनिटांएवढे ऊन पडते आणि विटकरी पत्रा त्यातले बरेचसे शोषतो. दहा किलो ओली साले वाळवताना सात-आठ किलो पाणी उडवावे लागते. किलोमागे युनिटाचा दोनतृतीयांश धरला, तर तीन दिवसांच्या वाळवणाला मिळून पाच युनिटे पुरतात. याचा अर्थ वाळवणामुळे माळा थंड होणार नव्हता. उष्णता आधी बाहेर घालवायची आणि जाता जाता तिच्याकडून काम करून घ्यायचे, एवढेच शक्य होते. हे यजमानांना पटायला वेळ लागला, कारण "उष्णता वापरली की संपते" ही समजूत सहज होते आणि मीही आरंभी तिच्या आहारी गेलो होतो.

पहिला प्रयत्न आणि त्यातली चूक

उत्तरेकडच्या त्रिकोणी भिंतीत, आढ्याजवळ, आम्ही ४० वॅटचा एक्झॉस्ट पंखा बसवला. माळ्याच्या मध्यभागी जाळीच्या चार तबकांचे लाकडी कपाट ठेवले आणि त्यात कोकमाची साले मांडली. पंखा सुरू झाल्यावर दोन तासांत माळ्याचे तापमान चार अंशांनी उतरले आणि आम्ही समाधानाने जेवायला बसलो.

संध्याकाळी न्हाणीची चूल पेटली तेव्हा चूक उघडी पडली. पंख्याने बाहेर फेकलेली हवा भरून काढायला बाहेरून आत यायची वाट मी ठेवलीच नव्हती. पत्र्याच्या कडा सिमेंटने बुजवलेल्या होत्या. हवा आली ती फळ्यांच्या फटींतून, म्हणजे स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून. चुलीचा धूर धुराड्याने वर जायचा तो खोलीत फिरून माळ्यावर ओढला गेला. आजी खोकत बाहेर आल्या. सालांना धुराचा आणि दुपारी तळलेल्या बांगड्यांचा वास लागला. बंद घरात चुलीचा धूर उलटा ओढला जाणे हा केवळ वासाचा प्रश्न नाही, त्यात जिवालाही धोका असतो, म्हणून पंखा लगेच बंद केला.

दुसरी चूक तीन दिवसांनी दिसली. पंख्याशिवायही दुपारी साले चांगली सुकत, पण सकाळी हाताला मऊ लागत. चौथ्या दिवशी काहींवर पांढरी बुरशी आली. कोकमाची साले मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवतात आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढू लागते. गोव्यात मे महिन्याच्या रात्री ती मर्यादा सहज ओलांडली जाते. दिवसा उघडे असलेले कपाट रात्रीही उघडे राहिले होते, त्यामुळे दिवसाची कमाई रात्री जात होती. ती खेप टाकून द्यावी लागली. आजी काही बोलल्या नाहीत, उरलेल्या खेपेची सुपे मात्र त्यांनी पुन्हा अंगणात मांडली आणि स्वतः काठी घेऊन बसल्या.

दुसऱ्या फेरीतील काम

पुढच्या फेब्रुवारीत काम नव्याने आखले. या वेळी पेच वेगळा होता आणि तोच या प्रकरणाचा गाभा आहे. वाळवणाला जितकी गरम हवा तितकी बरी: ३३ अंशांची ६५ टक्के आर्द्रतेची हवा आहे तशी ५० अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता २७ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ती पाणी शोषायला आसुसते. झोपेला मात्र माळा जितका गार तितका बरा. माळा ही एकच जागा असेपर्यंत आजींची झोप आणि आजींची सोले, म्हणजे कोकमाची वाळवलेली साले, यांपैकी एकाला माघार घ्यावी लागणार होती. म्हणून आम्ही माळ्याच्या पोकळीचे दोन भाग करायचे ठरवले.

वाशांच्या खालच्या बाजूला चमकदार ॲल्युमिनियमचे बबल फॉइल ठोकले. वाशांची जाडी चार इंचांची असल्याने पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये तेवढाच हवेचा पन्हळ तयार झाला. फॉइल पत्र्याला थेट चिकटवून देण्याची सुताराची सूचना आम्ही नाकारली, कारण चमकदार पृष्ठभाग उपयोगी पडतो तो समोर हवेची पोकळी असेल तरच. चिकटवले की ते पत्र्याइतकेच तापते. चमकदार बाजू खाली ठेवली. वर ठेवली असती, तर एका वर्षात तिच्यावर धूळ बसून ती निरुपयोगी झाली असती. उघड्या पत्र्याकडून खालच्या मातीकडे भर दुपारी चौरस मीटरला दीडशे वॅटच्या आसपास उष्णता नुसत्या प्रारणाने, म्हणजे मधल्या हवेला न तापवता, उतरते. पहिल्या वर्षी नुसता पंखा अपुरा पडला असता तो याच कारणाने. न्हाणीघराच्या धुराड्याभोवती तीन हात जागा मात्र फॉइलविना सोडली, कारण त्याच्या आतले प्लास्टिक पेट घेते.

दोन्ही वळचणींशी सिमेंट फोडून चार बोटे रुंदीची फट ठेवली आणि तिला उंदीर, साप शिरणार नाहीत अशी जाळी मारली. आढ्यावरचा पत्रा कापून उंच टोपी बसवली, जिच्या दोन्ही बाजूंनी हवा निसटते. तापलेली हवा आपणहून वर जाते; वरचे तोंड पाव चौरस मीटर आणि वळचण ते आढे उंची दोन मीटर धरली, तर भर दुपारी तासाला पाचशे-सहाशे घनमीटर हवा पंख्याविना वाहायला हरकत नाही. गेल्या वर्षीचा पंखा याहून फारसे जास्त काही करत नव्हता.

पंखा तरीही कामाला आला. पश्चिमेच्या पाख्याचा उत्तरेकडचा दोन मीटरांचा पट्टा आम्ही आढ्यापाशी फळीने बंद केला आणि तिथली हवा टोपीतून न सोडता कपाटात उतरवली. कपाट आता त्रिकोणी भिंतीला टेकून उभे आहे आणि पंखा कपाटाच्या पाठीतून हवा ओढून बाहेर टाकतो. अशा रीतीने पंख्याला घरातली हवा ओढायला वाटच राहिली नाही. पश्चिमेचे पाखे निवडले ते दुपारच्या उन्हासाठी. सूर्य गोव्यात मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि तेव्हा दोन्ही पाख्यांना सारखे ऊन मिळते, परंतु हवा सर्वांत कोरडी असते ती दुपारी दोन ते चारमध्ये, आणि त्या वेळी पश्चिमेची बाजू तापलेली असते.

कपाटाला घट्ट बसणारी दारे केली. पंखा सकाळी दहाला लावायचा, साडेचारला बंद करायचा, आणि बंद केल्याबरोबर हवेची दोन्ही तोंडे झडपांनी मिटायची, हा नेम सुनेने पाळला. झडपांना हिरवी आणि लाल अशा दोन दोऱ्या बांधून त्या जिन्याच्या तोंडाशी आणल्या आहेत, म्हणजे रोज वर चढावे लागत नाही. ही युक्ती तिचीच.

निष्पत्ती

पुढच्या एप्रिलमध्ये, बाहेर पुन्हा ३४ अंश असताना, दुपारी तीनला माळ्याची हवा ४१ अंशांवर आणि मातीचा थर ३८ अंशांवर होता. त्याच वेळी कपाटात येणारी हवा ५४ ते ५६ अंशांची होती. रात्री दहाला आजींच्या खोलीत ३१ अंश भरले. अडीच अंशांचा फरक ऐकायला थोडा वाटतो. प्रत्यक्षात आजी उन्हाळाभर स्वतःच्या खोलीत झोपल्या, जे आदल्या वर्षी झाले नव्हते. खोलीची पश्चिमेची भिंत अजून तापते आणि त्यावर या कामाने काहीच परिणाम झालेला नाही.

अंगणात पाच-सहा दिवस घेणारी सोले कपाटात तीन दिवसांत तयार झाली. रंग गडद राहिला. कोकमाचा लाल रंग फार उष्णतेने उतरतो, त्यामुळे हवा साठ अंशांच्या वर जाऊ लागली की एक झडप अर्धी उघडायची असे ठरले होते. तशी वेळ दोनदाच आली. सुपारीचा प्रयोग फसला. सबंध सुपारी महिनाभराहून अधिक वाळवावी लागते, कुळागरातला माल पोत्यांनी मोजायचा, आणि चार तबकांत त्याची चव घेण्यापुरतीच मावते. ती पूर्वीसारखीच खळ्यात वाळते.

एक अनपेक्षित त्रासही झाला. वारा सुटला की फॉइल रात्री सळसळते, आणि पहिल्या आठवड्यात घरच्यांनी दोनदा बॅटरी घेऊन नागाचा शोध केला. आडव्या पट्ट्या मारल्यावर आवाज बराच कमी झाला.

आज पुन्हा करायचे झाले तर

पत्रे घालण्याआधीच मला विचारले असते तर मी फिकट रंगाचा पत्रा आणि त्याखाली सुरुवातीपासून पन्हळ सुचवला असता. पत्रा चढवतानाच वळचण आणि आढे मोकळे ठेवायला जवळजवळ काहीच खर्च आला नसता. नंतर सिमेंट फोडणे, टोपी, फॉइल आणि सुतारकाम यांवर सुमारे बावीस हजार रुपये गेले. जुनी कौले विकली नसती, तर त्याच पैशांत पश्चिमेचे पाखे पुन्हा कौलारू करता आले असते का, यावर यजमान आणि मी अजून वाद घालतो. माझे मत होय असे आहे. ते माकडांकडे बोट दाखवतात आणि त्यांना उत्तर देणे कठीण जाते.

पंखा बसवण्यापूर्वी हवा कुठून येईल हे पाहण्यासाठी पेटवलेली उदबत्ती फळ्यांच्या फटींजवळ धरणे पुरले असते. पाच मिनिटांची ती तपासणी मी केली नाही, आणि त्यापायी आजींना खोकला आणि त्यांच्या सालांना धुराचा वास लागला. आता प्रत्येक घरात ती पहिली करतो.

एक निर्णय अजून अर्धवट आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा टोपीखालून पाणी आत ढकलतो. पहिल्याच जोराच्या सरीत तबकांवर थेंब पडले. सध्या जून लागला की पश्चिमेची झडप मिटून वरून ताडपत्री बांधतात, परंतु त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात, जे इथे मे महिन्याइतकेच चटका देते, छप्पर पुन्हा कोंडते. टोपीची पश्चिमेची कड वीतभर खाली वाढवायची असे ठरले आहे. सुताराची वाट पाहणे चालू आहे.

दरम्यान सोले बरण्यांत भरली गेली की कपाटातली तबके बाहेर निघतात आणि चतुर्थीपर्यंत तिथे माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगायची, लाकडी चौकट उभी असते. पत्र्याखालच्या पहिल्या उन्हाळ्यात तिची एक पट्टी वाकली होती. ती बदलून घेतली आहे.